शेअर बाजारातला जुना मिनिटा-मिनिटाचा भाव सर्वांना खुला करा: सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. २०२४च्या दिवाळीत माझा भाचा घरी आला तो मोबाईल पुढे करतच. एमआयडीसीत नोकरीला आहे. पंचवीस हजार रुपये भरून त्याने ट्रेडिंगचा ऑनलाइन क्लास लावला होता. क्लासने शिकवलेला डाव बऱ्याच जणांना ठाऊक असलेला, ‘नऊ-वीसचा स्ट्रॅडल’. सकाळी ९:२० वाजता बँक निफ्टीचा, म्हणजे बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाचा, चालू भावाजवळचा कॉल आणि पुट (भाव चढण्यावरचा आणि पडण्यावरचा ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाला सौदा करण्याचा हक्क) दोन्ही विकायचे, दोन्हींना पंचवीस टक्क्यांचा स्टॉपलॉस (तोटा तेवढा झाला की सौदा आपोआप कापायची सूचना) लावायचा आणि सव्वातीनला सौदा कापायचा. भाव फारसा हलला नाही तर विकणाऱ्याचा फायदा. सोबत २०२० ते २०२३चा बॅकटेस्ट, म्हणजे तोच डाव जुन्या भावांवर खेळून काढलेला हिशेब, सरळ वर चढत गेलेली रेघ.

“मामा, हे आकड्यांनी सिद्ध झालंय. माझीच शिस्त कमी पडते,” तो म्हणाला. तोवर त्याचे एक लाख चाळीस हजार गेले होते.

ती रेघ खरी की खोटी, एवढंच मला तपासायचं होतं. दिवसअखेरचे भाव एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, भावकॉपीत (रोजच्या भावांच्या तक्त्यात) फुकट मिळतात. पण नऊ-वीसचा भाव भावकॉपीत नसतो. मिनिटा-मिनिटाचा जुना डेटा एक्स्चेंजकडून रीतसर घ्यायचा तर पैसे मोजावे लागतात, आणि ती किंमत माझ्यासारख्याच्या आवाक्यातली नाही. म्हणून त्या क्लासनेच मुलांना वाटलेली फाईल मी उघडली.

पहिल्यांदा पाहिला तो २४ फेब्रुवारी २०२१ हा दिवस. त्या दिवशी तांत्रिक बिघाडामुळे एनएसईचे (राष्ट्रीय शेअर बाजाराचे) व्यवहार ११:४० वाजता थांबले, ते दुपारी ३:४५ला सुरू झाले आणि ५ वाजेपर्यंत चालले. निफ्टी हा एनएसईचा मुख्य निर्देशांक सुमारे २७४ अंकांनी वर बंद झाला. फाईलमध्ये मात्र ११:३९चा भाव साडेतीनपर्यंत प्रत्येक मिनिटाला जसाच्या तसा उतरवलेला होता, आणि संध्याकाळचा सव्वा तास गायब. त्यामुळे बॅकटेस्टच्या लेखी तो एक शांत, सपाट दिवस ठरला आणि स्ट्रॅडल विकणारा सुखरूप सुटला. प्रत्यक्षात सौदा अडकलेल्या माणसाच्या पोटात त्या दुपारी काय कालवलं असेल! स्टॉपलॉसचंही तेच. फाईलमध्ये तो नेमक्या ठरल्या भावालाच लागत होता. भाव उसळतो तेव्हा तसा तो लागत नाही, हे ज्याने एकदा सौदा केलाय त्याला सांगावं लागत नाही.

दिवसभरातल्या भावांत आकृतिबंध असतात, हे मी नाकारत नाही. बाजार उघडताना उलाढाल आणि चढउतार जास्त, दुपारी सुस्ती, शेवटी पुन्हा गर्दी, हे अनेक देशांच्या बाजारांत दिसून आलं आहे. पण शंभर नियम लावून पाहिले तर पाचेक नियम निव्वळ योगायोगानेही चांगले दिसतात. म्हणून नियम एका काळावर शोधायचा आणि त्याने कधी न पाहिलेल्या काळावर पारखायचा. त्यातून ब्रोकरेज (दलाली) आणि एसटीटी (सौद्यांवरचा कर) वजा करायचा. मी हे बी.एस्सी.च्या मुलांना फळ्यावर शिकवतो, पण हातात द्यायला खरा डेटा नसतो. शिवाय जमीनच सरकते. भाच्याच्या त्या दिवाळीनंतर दोन आठवड्यांत बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी (दर आठवड्याला ऑप्शन्सची मुदत संपणं) बंद झाली, आणि सप्टेंबर २०२५पासून निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारी आली. गुरुवारच्या नावाने विकलेले तक्ते आजही फिरताहेत.

अध्यक्ष महोदय, आपल्याच संस्थेच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडर्सनी पैसे गमावले, एकूण १.८ लाख कोटींहून अधिक. शेअर्सच्या इंट्राडेमध्ये, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकण्यात, २०२२-२३ साली दहातले सात तोट्यात होते. हे आकडे सेबीने काढले म्हणून निदान आमच्यापर्यंत पोचले, त्याबद्दल मनापासून आभार. नोंदणीकृत सल्लागारांचे दावे पडताळायची यंत्रणाही सेबीने आणली. पण भाच्याच्या क्लाससारखे लोक नोंदणीच करत नाहीत. त्यांच्या दाव्याची तपासणी फक्त ज्याचे पैसे जाणार आहेत तोच करू शकतो, आणि त्याच्याच हातात साधन नाही.

माझी मागणी एकच आहे. तीन महिन्यांपेक्षा जुना एक-एक मिनिटाचा भाव आणि उलाढाल, शेअर्स, निर्देशांक आणि ऑप्शन्स सगळ्यांची, भावकॉपीसारखी फुकट खुली करायला एक्स्चेंजेसना सांगा. व्यवहार थांबले ते तास, बोनस-स्प्लिटमुळे (शेअर्सची संख्या वाढवल्यामुळे) भावात झालेले बदल, एक्स्पायरीच्या तारखा त्यात स्पष्ट नोंदवलेल्या असाव्यात. यादीतून गेलेल्या कंपन्याही ठेवा, नाहीतर इतिहासात फक्त तगलेल्याच उरतात. शिकवणाऱ्यांनी तीन महिन्यांच्या आतले भाव वापरू नयेत, असं सेबीनेच जानेवारी २०२५मध्ये सांगितलं. म्हणजे त्यापलीकडचे भाव शिकवण्यासाठी वापरायला हरकत नाही, हे आपण मान्य केलंच आहे.

पहिली फाईल २४ फेब्रुवारी २०२१ची काढा. ती आली की मी भाच्याला शेजारी बसवून दोन्ही तक्ते एकावर एक ठेवणार आहे.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक,
सांगली जिल्हा