ऑक्टोबर १९५६ ची मालगाडी जुळवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पेनसिल्व्हेनिया रेलरोड या अमेरिकी रेल्वे कंपनीच्या अल्टूना परिसराची एचओ मापातील, म्हणजे १:८७ प्रमाणातील, प्रतिकृती मी पिट्सबर्गच्या घराच्या तळघरात उभारू लागलो, तेव्हा माझ्याजवळ बावीस मालवाघिणी होत्या आणि त्या सगळ्या एकाच गाडीला खुशाल जोडता येतील अशी माझी भाबडी समजूत होती. आपण आलात, चहाचा कप बाजूला ठेवलात आणि विचारलेत, “तुझ्या या रुळांवर आज तारीख काय आहे?” मी म्हटले, पन्नासचे दशक. “अरे, दशक म्हणजे काही तारीख नव्हे,” हे आपले उत्तर मला अजून ऐकू येते. त्या प्रश्नाबद्दल आणि नंतर माझ्यासाठी खर्च केलेल्या चार रविवारांबद्दल हे आभार आहेत. तोंडावर आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून ते सर्वांसमक्ष लिहीत आहे.

तारीख ठरली ऑक्टोबर १९५६. या कंपनीची वाफेची इंजिने १९५७ मध्ये कायमची थंडावली, त्यामुळे वाफ आणि डिझेल दोन्ही दाखवण्याची माझी हौस त्या महिन्यात भागत होती. मग वाघिणींची झडती सुरू झाली. पुलमन-स्टँडर्ड कारखान्याचा पीएस-१ हा बंद डबा माझा सर्वांत लाडका. हा प्रकार १९४७ पासून बनू लागला आणि माझ्या डब्यावर बांधणीचे वर्ष १९५१ असे छापलेले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. आपण भिंग लावून वजनाच्या आकड्यांशेजारची बारीक अक्षरे दाखवलीत. रिकाम्या वाघिणीचे ठरावीक काळाने पुन्हा वजन करून त्याची तारीख तिच्या अंगावर रंगवीत असत, आणि माझ्या डब्यावरची ती तारीख १९६१ ची होती! डबा जुना, पण त्याचा पोशाख पाच वर्षे पुढचा. चूक एवढीच असेल तर डबा फेकायचा नसतो, तारीख बदलायची असते, हे आपण नव्या अक्षरांची पट्टी स्वतः चिकटवून शिकवलेत.

इतरांची सुटका इतकी सोपी नव्हती. एका डब्याच्या छतावर ब्रेकवाल्यांनी चालण्याची फळीच नव्हती, आणि तसे नवे डबे १९६६ पासून निघाले. दुसऱ्याच्या अंगावर रंगीत पट्ट्यांची ओळखखूण होती, जी १९६७ मध्ये आली. जाहिरातींनी नटलेला शीतडबा उलट फार जुना निघाला, कारण अशा जाहिरातींविरुद्धच्या १९३४ च्या सरकारी निर्णयानंतर तसे डबे मागे पडले होते. तो माझ्या मुलीने तत्परतेने स्वतःच्या टेबलावर नेला.

पेनसिल्व्हेनियाच्याच एक्स-२९ या बंद डब्यांवर मात्र आपण अख्खा रविवार घालवलात आणि त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. ते १९२४ पासून हजारोंनी बांधले गेले, म्हणून मी त्यांना म्हातारे समजून कपाटात ठेवले होते. आपण सांगितलेत की १९५६ मध्ये ते सर्रास धावत होते. फक्त ‘के’ नावाचे जुन्या पद्धतीचे हवेचे ब्रेक १९५३ पर्यंत बदललेले असायला हवेत आणि दोन डबे एकसारखे दिसता कामा नयेत. त्याप्रमाणे वर्तुळातील कीस्टोनचा, म्हणजे कंपनीच्या पाचरीसारख्या बोधचिन्हाचा, डबा काजळी आणि गंजाने मळवला, तर १९५४ मध्ये आलेल्या सावली दाखवलेल्या कीस्टोनचा डबा जवळजवळ स्वच्छ ठेवला. शेजारी शेजारी उभे केल्यावर त्यांच्या वयातला फरक न सांगता कळतो.

वाघिणींच्या मालकीचे प्रमाणही मी उलटे धरले होते. कोळशाच्या हॉपरमध्ये, म्हणजे तळातून रिकाम्या होणाऱ्या उघड्या वाघिणींमध्ये, निरनिराळ्या कंपन्या मिरवाव्यात आणि बंद डबे सगळे पेनसिल्व्हेनियाचे असावेत, असा माझा बेत होता. कोळसा खाणीतून निघून बहुधा त्याच कंपनीच्या रुळांवर फिरतो, म्हणून हॉपर घरचे. बंद डबा मात्र जिथे रिकामा होतो तिथे पुन्हा भरला जाऊन देशभर भटकतो, म्हणून सांता फे आणि सदर्न पॅसिफिक या पश्चिमेकडच्या कंपन्यांचे डबे अल्टूनात दिसणे अगदी स्वाभाविक, हा आपला खुलासा ऐकून मी त्याच रात्री अर्ध्या गाडीची जोडणी सोडवली. कॅलिफोर्नियाची फळे आणणारे पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचे नारिंगी शीतडबे तेवढे राहिले, आणि त्यांच्या छतावरची बर्फ भरण्याची झाकणे आता मुलगी पाहुण्यांना उघडून दाखवते.

बावीसपैकी तेरा वाघिणी आज रुळांवर आहेत. दोन हॉपरवरील वजनाच्या तारखा अद्याप बदलायच्या आहेत, त्यामुळे आपले भिंग माझ्याकडेच राहिले आहे. ते काम उरकताच मी घरी येऊन परत करीन.

आपला कृतज्ञ,
तळघरातला स्टेशनमास्तर