दशावताराचे चित्रण : डिस्कची फाइल यूट्यूबवर नको

महोदय,

कार्तिकी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गातील गावोगावच्या जत्रांना रंग चढतो आणि देवळांच्या आवारात रात्रभर दशावतार चालतो. अलीकडे यांतील अनेक प्रयोगांचे चित्रण होते. घरातील ज्येष्ठांसाठी त्याच्या डीव्हीडी निघतात आणि मुंबईच्या चाकरमान्यांसाठी ते यूट्यूबवर चढवले जाते. मात्र पुष्कळदा डिस्कसाठी तयार केलेली फाइलच पुढे यूट्यूबवर जाते, आणि त्यात कलावंतांच्या मेहनतीची हानी होते. म्हणून चित्रण करणाऱ्या मंडळींना आणि देवस्थान समित्यांना काही सुचवावेसे वाटते.

आपल्याकडील पाल या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या डीव्हीडीवरील पूर्ण आकाराचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेमचे आणि बहुधा इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनलेले असते. जुन्या टीव्हीवर ते व्यवस्थित दिसते. तीच फाइल मोबाइलवर पाहिली, की युद्धाच्या प्रसंगात तलवारी फिरताच कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात, आणि चित्र रुंद पडद्याचे आहे हे सांगणारी फाइलमधील खूण वाटेत हरवली तर राजाचा चेहरा लांबुळका होतो. एवढ्या देखण्या रंगभूषेचे असे व्हावे, हे पाहवत नाही.

यूट्यूबसाठी मूळ एडिटिंगमधूनच दुसरा एक्स्पोर्ट, म्हणजे वेगळी तयार फाइल, काढावी. एमपी४ फाइल, एच.२६४ कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत), एएसी पद्धतीने साठवलेला आवाज आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये सर्व ओळी असलेले, चित्र हे त्याचे मुख्य निकष आहेत. १०८० ओळींच्या चित्राला सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम असतील तर ८ मेगाबिट आणि ५० किंवा ६० असतील तर १२ मेगाबिट बिटरेट (दर सेकंदाला साठवली जाणारी माहिती) यूट्यूब स्वतः सुचवते. शूटिंग ज्या फ्रेमरेटने झाले, तोच एक्स्पोर्टला ठेवावा. मोबाइलवर ३० ने घेतलेले चित्र २५ वर उतरवले, की पखवाजाच्या ठेक्यावरची पावले अडखळल्यासारखी दिसतात. ८ मेगाबिटने चार तासांचा प्रयोग सुमारे १४.४ जीबी होतो, याची मला कल्पना आहे. गावातील नेटवर्कला हे झेपत नसेल तर ७२० ओळींचे चित्र ५ मेगाबिटने काढावे; तेसुद्धा डिस्कच्या फाइलपेक्षा सरस दिसेल. पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवण्यासाठी खात्याची फोन क्रमांकाने पडताळणी करून घ्यावी लागते, हेही आधीच उरकावे.

डिस्कच्या बाबतीत कळीचा प्रश्न जागेचा आहे. साध्या डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात, जे संगणकावर सुमारे ४.३८ जीबी दिसतात. चार तासांचा प्रयोग एकाच डिस्कवर कोंबला तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट वाट्याला येतात, आणि मांडवाबाहेरच्या काळोखाचे, लाल-सोनेरी पोशाखाचे चौकोनी ठोकळे होतात. दोन डिस्क केल्या तर हाच वाटा पाच मेगाबिटांच्या पुढे जातो. दुसऱ्या डिस्कचा खर्च किरकोळ आहे. समित्यांनी सुपारी देतानाच तो धरावा.

व्हॉट्सॲपवर छोटा प्रसंग पाठवायचा असल्यास तो व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तसे केल्यास २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता जाते.

सर्वांत आग्रहाची विनंती मूळ चित्रणाविषयी आहे. डिस्क निघाली, की कॅमेऱ्यातील मूळ फाइल कार्ड रिकामे करण्यासाठी पुसल्या जातात. त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर समितीने आणि दुसरी दशावतारी मंडळाने ठेवावी. डिस्कवरून ती मूळ गुणवत्ता पुन्हा मिळत नाही, आणि कोकणातील दमट हवेत घरी बर्न केलेल्या डिस्कवर फार काळ विसंबताही येत नाही. येत्या हंगामाची सुपारी ठरवताना हा करार तोंडी न ठेवता लिहून घ्यावा.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक, कुडाळ