सज्ञान रुग्णाच्या पालकत्वाचा कायदा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहणार, याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. सज्ञान माणसाच्या पालकत्वाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि ज्या घरावर ती वेळ येते त्या घराला हा प्रश्न पहिल्यांदा कळतो तो बँकेच्या खिडकीशी.

मुलांबाबत कायदा निदान लिहिलेला आहे. ताब्यावरून मूल कोणाजवळ राहील हे ठरते, पालकत्वावरून त्याच्या वतीने सही कोण करील हे; दोन्ही एकाच व्यक्तीकडे असतील असे नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ नुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहते, तरी नैसर्गिक पालक म्हणून पहिले नाव वडिलांचे येते. ‘वडिलांनंतर आई’ म्हणजे केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केले. सातबाऱ्यावर अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून नाव लागले की मुलाची जमीन विकता येते, हाही गैरसमजच. मुलाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत विकण्यास या कायद्याखाली न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते.

अठराव्या वर्षी आईवडिलांचे हे पालकत्व संपते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमण्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. परंतु अपघाताने कोमात गेलेल्या किंवा स्मृतिभ्रंशाने निर्णयक्षमता गमावलेल्या कर्त्या माणसाचे काय? पत्नी असल्यामुळे पतीच्या एकट्याच्या नावावरील खाते चालवता येत नाही. नॉमिनीचा अधिकार मृत्यूनंतरच सुरू होतो. आधीच करून ठेवलेले मुखत्यारपत्र उपयोगी पडेल म्हणावे, तर करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार तेही संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीच्या व्यवस्थेची तरतूद होती. २०१७ च्या कायद्यातून ती वगळली गेली आणि उरला तो केवळ उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी.

त्यामुळे अशी कुटुंबे पालक नेमून घेण्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती स्वागतार्हच आहेत. पण रुग्णालयाची बिले चढत असताना रिट याचिका करणे किती घरांना परवडेल?

पालक नेमण्याचा हा अधिकार संसदेने कायद्याने जिल्हा न्यायालयाला द्यावा, मात्र तो मोकळा सोडू नये. गायिका ब्रिटनी स्पिअर्स यांच्यावर कॅलिफोर्नियात २००८ मध्ये लादलेली अशीच व्यवस्था २०२१ पर्यंत उठली नव्हती, हे ध्यानात घेऊन नेमणूक ठरावीक मुदतीची आणि ठरावीक व्यवहारांपुरतीच असावी, पालकाने दरवर्षी न्यायालयात हिशेब द्यावा, आणि रुग्ण बरा झाल्यास ती रद्द करण्याचा अर्ज त्याला स्वतःला, वकिलाविनाही, करता यावा.

आपला विश्वासू,
एक वाचक