पाडव्यानंतर निघतेय

ती. आई-बाबांना सा. न.

अंद्रेट्याला कुंभारकाम शिकायला जायचं पक्कं झालंय. पैसे भरले, तिकीटही काढलं. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. पाडवा तुमच्याबरोबर करूनच निघेन आणि आषाढीच्या आत घरी येईन.

गाव हिमाचलात, पालमपूरजवळ, समोर धौलाधारची रांग. सरदार गुरचरण सिंग जपानला जाऊन कुंभारकाम शिकून आले होते. त्यांच्या मुलाने आणि सुनेने 1983 मध्ये तिथे पॉटरी सुरू केली. तिथेच राहून तीन महिने शिकायचं. लाल मातीचं भांडं चाकावर घडवायचं, त्यावर पातळ कालवलेल्या मातीने नक्षी काढायची, मग भट्टी.

घोडबंदरच्या गाळ्यात मी तेच मग, त्याच वाट्या करतेय. खपतात, बाबा, तक्रार नाही. पण तयार माती गोणीतून येते, भट्टी विजेची, आणि हाताला नवं काही सुचेनासं झालंय. रोज मातीत काम करणाऱ्यांच्या शेजारी बसायचंय मला. नोकरी सोडली तेव्हा दादाशी वाकडं घेऊन तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात. ते मला वाया जाऊ द्यायचं नाही.

आई, थंडीची काळजी नको. एप्रिल ते जूनच आहे, शिवाय आजीची शाल घेतेय. कांगड्यातही डाळ-भातच जेवतात. तू कणीक मळताना मला गोळा द्यायचीस, आठवतं? मी केलेली वेडीवाकडी चूल बाबा ऑफिसातून आल्यावर आधी बघायचे, मग चहा घ्यायचे. अजूनही काही चांगलं जमलं की आधी तुम्हालाच दाखवावंसं वाटतं.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही. तलावपाळीची फेरी ऊन चढायच्या आत, आणि मे महिन्यात दुपारी गोखले रोडला अजिबात जायचं नाही. किराणा घरपोच येईल, दुकानदाराशी बोललेय. आई, माळ्यावर चढायचं नाही. लोणच्याच्या बरण्या मी आधीच खाली काढून ठेवते. आणि मागच्या श्रावणासारखं माझ्यापासून काही लपवू नका. गग्गलचा विमानतळ तिथून जवळ आहे, हाक मारलीत तर दुसऱ्या दिवशी दारात असेन.

दादाचा फोन आला तर घ्या, बाबा. मी त्यालाही लिहिलंय.

तुमची,
मनू