विषय : 402 मधला रविवारचा प्रकार, अर्ज चौथा

मा. अध्यक्ष,

सप्रेम नमस्कार. आधीचे तीन अर्ज तुमच्याकडे पडून आहेत म्हणून हा चौथा. मी भांडखोर माणूस नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

402 मध्ये दर रविवारी सहा-सात जण जमतात आणि फ्री इम्प्रोव्हायझेशन करतात. म्हणजे आधी काही ठरवायचं नाही, सूर नाही ताल नाही, जे होईल ते. नियम 14 प्रमाणे रात्री 9 नंतर वाद्यांचा सराव बंद, तर सेक्रेटरी म्हणतात, 402 वाले म्हणतायत हा सराव नाहीच, कारण तेच परत कधी वाजवत नाहीत. आणि हे तुम्ही मान्य केलंत!

वर जाऊन बोललो तर मलाच क्लास मिळाला. लंडनमध्ये 1965 ला एएमएम नावाचा ग्रुप निघाला, त्यातला कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून त्यावर काय काय वस्तू घासायचा, रेडिओ पण लावायचा. असेल. तो माझ्या डोक्यावर राहत नव्हता. यांच्याकडे सॅक्सोफोन आहे, टेबलावरची गिटार आहे, आणि एक मुलगी झांजेवर व्हायोलिनचा बो ओढते, त्याने माझ्या दाढा शिवशिवतात.

मागच्या रविवारी सहन होईना म्हणून काठीने छत ठोकलं, तीनदा. वरून तीन ठोके परत आले. मी पाच ठोकले, तर सॅक्सोफोनने पाच. मग माझंही डोकं फिरलं, अर्धा तास गेला त्यात. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांच्यातला एक मुलगा म्हणतो, काका तुमची एंट्री भारी होती, तुम्ही ऐकता छान. याला दादागिरी नाही तर काय म्हणायचं?

त्यानेच सांगितलं की या प्रकारच्या म्युझिकमधल्या जॉन स्टीव्हन्स नावाच्या ड्रमरचा नियमच होता, सोबतचा ऐकू येत नसेल तर तुम्ही फार मोठ्याने वाजवताय. मग मला माझा टीव्ही ऐकू येत नाही त्याचं काय, हा नियम 302 ला लागू नाही का?

301 आणि 303 चा मला पूर्ण पाठिंबा आहे. 301 च्या आजींना ऐकू कमी येतं, पण तत्त्व म्हणून त्या माझ्या बाजूने आहेत. 303 वाले सध्या गावाला गेलेत, पण असते तर हेच म्हणाले असते.

खरा त्रास आवाजाचा नाहीच. मध्येच दहा-दहा मिनिटं काहीच वाजत नाही, आणि ती शांतता पण म्युझिकच म्हणे. आपण पांघरूण घ्यावं आणि धाडकन पत्रा पडल्यासारखं काहीतरी. माझी मागणी साधी आहे, संपलं की त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर "संपलं" एवढं टाकावं. आणि माझी काठी रेकॉर्डिंगमध्ये आली असेल तर ती मला विचारल्याशिवाय कोणाला ऐकवू नये.

आपला,
302

ता.क. आत्ता 9:50 झालेत, पाव तास वरून काही आवाज नाही. कृपया कोणाला तरी विचारायला पाठवा.