पित्ताची पट्टी आणि डॉक्टर

संपादक महोदय,

सांगोल्यात माझं औषधांचं दुकान आहे. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पित्ताची गोळी मागणाऱ्यांची रीघ लागते. साबुदाणा, दाणे, वर चारदा चहा. ही जळजळ मऊ भात, मुगाची खिचडी खाल्ली की बहुधा दोन दिवसांत शमते. तिची मला चिंता नाही.

चिंता वाटते ती महिनोन् महिने पँटोप्राझोल या पित्ताच्या गोळीची पट्टी नेणाऱ्यांची. गुडघेदुखीवर रोज डायक्लोफिनॅक घेणाऱ्या आजी 'पित्तच झालंय' म्हणतात. पण या वेदनाशामकांनी जठराच्या अस्तराला इजा होते, व्रण पडतो, रक्त झिरपतं. संडासला डांबरासारखं काळं, चिकट होऊ लागलं तर ते रक्त असू शकतं. (लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.) एच. पायलोरी जिवाणूमुळेही व्रण होतो. हे दाखवून देणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. पित्ताच्या गोळीने आम्ल कमी होतं, जिवाणू तसाच राहतो. त्याला प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स लागतो.

घास अडकणं, वजन घटणं, सतत उलट्या, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, यातलं काहीही असेल तर डॉक्टर गाठा. छातीत जळजळताना घाम फुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही कळकळीची विनंती: तीच पट्टी पुन्हा मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला, त्रास कधीपासून आहे, एवढं तरी विचारा.

– एक औषधविक्रेता, सांगोला