जुन्या पिकअपला नवं इंजिन: कायद्यात वाट हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा वर्षांवरच्या गाड्या, त्यांचं पासिंग, भंगार धोरण यांवर आपल्या दैनिकात अधूनमधून वाचकांची पत्रं येतात. मी ती कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोमध्ये रात्रपाळी संपल्यावर वाचतो. गाडी ठेवायची की मोडायची, यावरच सगळा वाद असतो. गाडी तीच ठेवून तिचं इंजिन बदलायचं, हा मार्ग कुणी मांडलेला मला दिसला नाही. मी सध्या तेच करायला घेतलं आहे.

माझ्या अंगणात 1984 ची शेव्हरोले सी-10 पिकअप उभी आहे. बदामाच्या एका बागायतदाराकडून घेतली. आमच्या खोऱ्यात पाऊस बेताचा आणि बर्फ नाहीच, त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही चेसिसला गंज नाही. दारं अजून एका बोटानं लागतात. इंजिन मात्र थकलं आहे. 305 घनइंचांचं, म्हणजे पाच लिटरचं व्ही-8, कार्बोरेटरवालं. इथं बहुतेक गाड्यांची दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते. 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना त्यातून माफी आहे, माझ्या गाडीला नाही. मागची चाकं रोलरवर चढवून ताशी 15 आणि 25 मैलांच्या वेगानं फिरवतात आणि सायलेन्सरमध्ये नळी घालून मोजतात. गेल्या खेपेला माझी गाडी त्यात नापास झाली.

इंजिन काम करून घेणं सोपं होतं. बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम, सगळं करता आलं असतं. पण इतका खर्च करून हातात पुन्हा चाळीस वर्षांपूर्वीचंच तंत्र आलं असतं. म्हणून मागून ठोकलेली 2002 ची सिल्व्हरॅडो 1500, शेव्हरोलेचीच पिकअप, अख्खी विकत घेतली. तिचं 5.3 लिटरचं व्ही-8 इंजिन 285 अश्वशक्तीचं आहे. त्याहून मोलाचं म्हणजे त्याच्या सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आहेत. जळलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते पाहून संगणक पेट्रोलचं माप सतत सुधारत राहतो. चाळीस वर्षांचं कार्बोरेटर कितीही हळुवार हातानं लावा, त्याला हे इतकं नेमकं जमत नाही.

नुसतं इंजिन न घेता अख्खी गाडी का घेतली, हे मला बरेच जण विचारतात. इंजिन बदलणं म्हणजे जुनं साखळीनं उचलून नवं ठेवणं, असा समज आहे. ते काम एका शनिवारचं. खरे महिने जातात बाकीच्यात. इंजिनाची माउंटिंग वेगळी, म्हणून मधल्या पट्ट्या हव्यात. पिकअपचं तेलाचं चेंबर खोल असतं, ते माझ्या गाडीच्या आडव्या बीमच्या फार खाली लोंबेल, म्हणून उथळ चेंबर हवं. जुना यांत्रिक पंप पेट्रोलला 5 ते 7 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब देतो, नव्या इंजिनाला 58 लागतो, म्हणजे टाकीतच विजेचा पंप आला. या मॉडेलच्या टाक्या चेसिसच्या बाहेरच्या अंगाला असतात. बाजूनं धडक बसली तर पहिला मार त्यांनाच. त्या मला तशाही नको आहेत. त्याच काळातल्या शेव्हरोलेच्याच ब्लेझरची टाकी मागच्या बाजूला फ्रेमच्या दोन्ही बाजूंच्या मधे बसते, तीच घेणार आहे. गिअरबॉक्स बदलल्यानं मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलेल. तो कापून बॅलन्स करून घ्यावा लागेल. जुनं स्पीडोमीटर केबलवर चालतं, नवा गिअरबॉक्स विजेचा सिग्नल देतो. आणि या सगळ्याच्या आधी ब्रेक. वाढलेल्या ताकदीला जुन्या ब्रेकवर सोडणं मला मान्य नाही, म्हणून ब्रेकचं काम इंजिनाला हात लावण्याआधीच पुरं केलं.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं इथं कायद्यानं करता येतं, पण मनाला येईल तसं नाही. नवं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं. प्रदूषणाच्या ज्या निकषावर गाडी मंजूर झाली, त्याच किंवा त्याहून कडक निकषाचं हवं. इंजिनाबरोबर त्याची प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री आली पाहिजे: धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सगळे सेन्सर, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा, संगणक जोडायचा सॉकेट. एक नळी कमी असली तरी चालत नाही. म्हणूनच मी अख्खी गाडी घेतली, आणि घेण्याआधी तिच्या बॉनेटखालचं प्रदूषण निकषाचं लेबल नीट वाचलं.

काम झाल्यावर गाडी रेफरीकडे न्यायची. रेफरी हा शब्द इथं सरकारी कागदावरचाच आहे. तो गॅरेजवाला नसतो, त्याला दुरुस्तीत काही मिळवायचं नसतं. तो फक्त यादी घेऊन एकेक वस्तू बघतो, धूर मोजतो आणि सगळं जुळलं तर दाराच्या चौकटीवर एक लेबल चिकटवतो. त्यानंतर कुठल्याही तपासणी केंद्रावर ती गाडी त्या लेबलाप्रमाणे तपासली जाते. बरीचशी रेफरी केंद्रं कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात आहेत, जिथं शेजारच्या शेडमध्ये पोरं मोटार दुरुस्ती शिकत असतात.

हे पाहताना मला सारखे माझे वडील, आमचे आबा, आठवतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं. पेट्रोलच्या जीप तेव्हा शेतकऱ्याला परवडत नसत, म्हणून आबा त्यांत मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली प्लेट शेजारच्या लेथवर बनायची. मी आठवीत असल्यापासून ती प्लेट धरून उभा राहायचो आणि आबा सुताच्या फरकानं ती पुन्हा लेथवर पाठवायचे. ‘सेंटर चुकलं की सहा महिन्यांत क्लच खातंय बघ,’ म्हणायचे. काम झालं की जीप आरटीओत न्यायची आणि नोंद करून आणायची. आबांच्या एकाही जीपची नोंद करायची राहिली नाही, हे मी अभिमानानं लिहितो.

तेव्हा तशी वाट होती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ कलम 52 मध्ये नोंदणी अधिकाऱ्याला कळवून, त्याची मान्यता घेऊन बदल करता येत असे. 2000 सालच्या दुरुस्तीनं ते बदललं. उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल आता करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. गॅस किंवा विजेचं किट बसवायला ठरलेल्या अटींवर मुभा आहे, ती योग्यच आहे. पण डिझेलच्या जागी त्याहून स्वच्छ डिझेल इंजिन बसवायला सामान्य मालकाला वाट नाही. मालकानं तसा बदल केला तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

याचा परिणाम मी शिरोळ तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाच्या दारात पाहतो. त्याची जुनी डिझेल पिकअप भाजी घेऊन बाजाराला जाते. चेसिस मजबूत आहे, इंजिन काळं ओकतं. तेच इंजिन पुन्हा बोअर करून बसवलं तर कायद्याला चालतं. मोडलेल्या नव्या गाडीचं कॉमन रेल (संगणकानं मोजून डिझेल फवारणारं) इंजिन त्याच्या सगळ्या सेन्सरांसकट बसवलं तर तो गुन्हा. धूर कमी करायचा हाच कायद्याचा हेतू असेल, तर यातलं कुठलं काम त्या हेतूचं आहे?

कायदा कडक झाला त्यामागं कारणं आहेत, ती मी नाकारत नाही. चोरीच्या गाड्यांची इंजिनं फिरतात. हौसेखातर झेपणार नाही असं इंजिन घालून ब्रेक तसेच ठेवणारे आहेत. आबांनीच अशा दोन जीप परत पाठवलेल्या मला आठवतात. पण इंजिनाच्या नंबराची कागदपत्रं मागून, ब्रेक तपासून, यादीतली प्रत्येक वस्तू हाताला लावून बघणारा माणूस असेल तर असं काम तिथंच थांबेल. सरसकट बंदीमुळं ते थांबत नाही, रात्री शटर ओढून होतं.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळं आपल्या खासदारांनी कलम 52 मध्ये एक परंतुक मागावं: इंजिन गाडीपेक्षा नवं, निकष अधिक कडक, सगळी सामग्री सोबत, ब्रेक त्या ताकदीला पुरणारे, आणि त्रयस्थ तपासणी. 1 एप्रिल 2020 पासून देशभर नव्या गाड्यांना बीएस-6 हा प्रदूषणाचा निकष आहे. तसं इंजिन घ्यायचं तर त्याचा काजळी धरणारा फिल्टरही सोबतच आला पाहिजे, तो काढून नव्हे. निकष ठरवायला पुण्याची एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे. तपासणीसाठी सरकारी तंत्रनिकेतनं आणि आयटीआय आहेत, जिथली शेड आणि हत्यारं आजही तयार आहेत. सुरुवातीला फक्त शेतमाल वाहणाऱ्या पिकअपपुरतं करून पाहिलं तरी चालेल.

माझ्या गाडीचं काम मार्चपर्यंत संपेल असा अंदाज आहे, मग रेफरीची वेळ घेईन. तो कायकाय बघतो त्याची पूर्ण यादी मी मराठीत लिहायला घेतली आहे. गाडी पास झाली की दारावरच्या लेबलाच्या फोटोसकट ती आपल्याला पाठवीन. नापास झाली, तर का झाली तेही कळवीन.

आपला,
उद्यमनगरातल्या एका मेस्त्रीचा मुलगा,
फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया